ब्राझीलचं सोयाबीन नेमकं उभं केलं कुणी? (आणि लातूरचा सौदा तिकडं कोण ठरवतं?)

काळी_माती (औसा, जि. लातूर)
रामराम मंडळी. जानेवारी २०२५ ला बावीस क्विंटल सोयाबीन आडतीला घातलं. हमीभाव ४,८९२, सौदा निघाला ४,१०० ला. ओलाव्याची कट वेगळीच. आडत्याला विचारलं, एवढं का हो पडलं? तर मोबाईलवरची मान वर न करता म्हणाला, "ब्राझीलला पीक लई आलंय." म्हटलं, आलं तर मी काय करू, बारशाला जाऊ?

पण डोक्यात किडा वळवळायला लागला. तवापासून रात्री जेवण झालं की वाचत बसतो. पन्नास-साठ वर्षांमागं हा देश पोटापुरतं धान्य बाहेरून आणत होता म्हणे. आज एकट्या सोयाबीनचं १७ कोटी टन. आपला अख्खा देश सव्वा कोटीच्या आसपास. त्यांचं एकरी चौदा क्विंटल, माझं चांगल्या सालात सात.

तर प्रश्न असा, की हे केलं कुणी? "बाजारानं केलं" असलं उत्तर नको, मला माणसं पाहिजेत. मंत्री, शास्त्रज्ञ, व्यापारी, कोण ते. आणि ब्राझीलच कशाला, खालची-वरची दोन्ही अमेरिका धरा. तिथं कुणी सही केली की इथं माझा सौदा हलतो?

खवट
एकच नाव: चीन. तो घेतो म्हणून ते पिकवतात. धागा बंद करायला हरकत नाही.

फुकट_सल्ला
बारशाला जाऊ नका, आहेर द्यावा लागतो. तसा आपण देतोच आहोत, फोडणीच्या तेलातून.

पुणे_व्हाया_कुयाबा
खवट, चीन फार उशिरा आला. पंगत वाढून झाल्यावर.

मी तीन वर्षं मातो ग्रोसो राज्यात कुयाबाला होतो, पेरणीयंत्रांच्या कामावर. थोडं लांबण लावतो.

ज्या पट्ट्यात हे सोयाबीन पिकतं त्याला सेर्राडो म्हणतात. वाकडीतिकडी, जाड सालीची झाडं, उंच गवत आणि लालभडक माती. सगळा मिळून वीस कोटी हेक्टरचा पसारा. तिथली जुनी म्हण आहे, की सेर्राडोतली जमीन बक्षीस मिळाली किंवा वारशानं आली तरच घ्यावी. पैसे देऊन कुणी घेत नसे, कारण माती आंबट. त्यात अ‍ॅल्युमिनियम इतकं, की मुळं चार बोटं खाली गेली की जळतात. स्फुरद (फॉस्फरस) जवळजवळ शून्य.

आता तुम्हाला हवं ते नाव: आलिसन पाओलिनेली. मिनास जेराईस राज्यातला कृषी पदवीधर. १९७४ ते १९७९ केंद्रात कृषिमंत्री. एम्ब्रापा ही सरकारी संशोधन संस्था त्याच्या आधी, १९७३ मध्ये निघाली होती, पण तिच्यात जीव ओतला तो याने आणि एलिझेउ आल्वेससारख्या संचालकांनी. शेकडो पोरं सरकारी खर्चाने परदेशी शिकायला धाडली. परत आलेल्यांना राजधानीत खुर्च्या देऊन बसवलं नाही, माळावर पाठवलं. चुनखडीची भुकटी आणि खतं घ्यायला शेतकऱ्याला स्वस्त कर्ज. हेक्टरी काही टन भुकटी पसरायची, दोन-तीन वर्षं थांबायचं, मग माती पिकायला लागते.

२००६ चं जागतिक अन्न पारितोषिक त्याला मिळालं, दोघा शास्त्रज्ञांबरोबर वाटून. २०२३ मध्ये गेला.

ती लाल धूळ मी अजून विसरलेलो नाही. माझे दोन पांढरे शर्ट कायमचे विटकरी झाले. बीआर-१६३ म्हणून हमरस्ता आहे. सुगीत त्यावर ट्रकांची रांग अशी, की ड्रायव्हर मध्येच उतरून चूल मांडून बसलेले. शेतकरी बहुतेक दक्षिणेतून आलेले, रिओ ग्रांदे दो सुल वगैरे. तिकडची दहा-वीस हेक्टर विकून इकडे हजार घेतली. सकाळी सहाला भोपळ्याच्या वाटीत कडू हिरवा काढा हातात देतात, नळीने ओढायचा. नको म्हटलं तर राग येतो. आपल्याकडे चहा नाकारल्यावर येतो तसाच.

आजोबा_दापोली
कुयाबाकर, लेखन छान. पण मंत्र्यालाच सगळा गुलाल लावू नका. मी मृदशास्त्र शिकवण्यात हयात घालवली, तेव्हा थोडी खुसपटं काढतो.

पाओलिनेलीबरोबर पारितोषिक मिळालेले ते दोघे म्हणजे कॉलिन मॅक्लंग आणि एडसन लोबाटो. चुना, स्फुरद आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये दिली तर ही माती पिकते, हे मॅक्लंग यांनी १९५० च्या दशकातच प्रयोगांनी दाखवले होते. म्हणजे उत्तर वीस वर्षे कागदावर पडून होते. मंत्र्याने ते उचलले, हे श्रेय त्याचे.

दुसरे असे, की सोयाबीन हे मूळचे थंड मुलखातले, दिवसाच्या लांबीवर चालणारे पीक. विषुववृत्ताकडे नेले की वीतभर वाढून फुलावर येते. शेंगा धरणार कुठे? रोमेउ कील या पैदासकाराने उशिरा फुलावर येणारे वाण काढले, म्हणून ते पीक वर सरकू शकले. हे नाव आपल्याकडे कुणाला ठाऊकही नसते.

आणि तिसरे नाव माझ्या मते सर्वांत मोठे: योहाना डोबेराइनर. जन्म १९२४, चेकोस्लोव्हाकियातला. महायुद्धानंतर निर्वासित होऊन १९५० मध्ये ब्राझीलला आल्या आणि रिओजवळ मातीतल्या जिवाणूंवर काम करत राहिल्या. साऱ्या जगाची धाव नत्रखताकडे होती, तेव्हा या बाईंनी हट्ट धरला की सोयाबीनचे वाण नत्राचा दाणाही न घालता निवडायचे, मुळांवरच्या गाठीच नत्र देतील. आज ब्राझीलचा शेतकरी सोयाबीनला युरिया जवळजवळ घालतच नाही. त्या देशाचे दरवर्षी किती पैसे वाचत असतील, याचा हिशेब तुम्हीच करा.

काळी_माती
आजोबा, हे भारी. आम्ही तर सोयाबीनला पण युरियाची चिमूट टाकताव, शेजाऱ्यानं टाकली म्हणून.
मग मी पण रानात चुना टाकू का?

आजोबा_दापोली
नाही! नाही! नाही!
औशाची काळी जमीन आधीच विम्ल, म्हणजे आंबटाच्या उलट, सामू (पीएच) आठाच्या वर. खाली चुनखडीचे खडे सापडतात की नाही? त्यात आणखी चुना म्हणजे लोह अडकून पीक पिवळे पडेल. चुना हवा आमच्या कोकणातल्या जांभ्याच्या आंबट मातीला. माती परीक्षणाचा कागद हातात आल्याशिवाय काही टाकू नका.

फुकट_सल्ला
चुना लावणारे आपल्याकडे आधीच पुष्कळ आहेत, काळजी नसावी.

शिकागोकर
धागा आमच्या गल्लीतला, म्हणून हजेरी लावतो. सतरा वर्षं झाली धान्याच्या वायद्यात.

माझ्या यादीत पहिलं नाव अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाचं आहे. २७ जून १९७३. पेरूच्या किनाऱ्यावर अँचोव्ही मासे यायचे बंद झाले. त्या माशांची भुकटी कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात जायची, ती गेली म्हणून सगळे सोयापेंडीवर तुटून पडले. भाव भडकला. घरात मटण-अंडी महागली म्हणून निक्सनने सोयाबीनच्या निर्यातीवर बंदी घातली. काही महिन्यांतच ती गुंडाळली, पण तोवर व्हायचं ते झालं होतं.

जपान टोफू आणि मिसोचं बहुतेक सगळं सोयाबीन अमेरिकेतून घ्यायचा. तो हादरला. उद्या पुन्हा दार लावलं तर? म्हणून दुसरा दुकानदार शोधायला निघाला. १९७९ पासून जपानच्या पैशाने सेर्राडोत वसाहती बसवायचा कार्यक्रम सुरू झाला, प्रोदेसेर नावाचा. आम्हीच गिऱ्हाईक हाकललं आणि त्याने समोर दुसरं दुकान थाटून दिलं.

२०१८ ला पुन्हा तेच. ट्रम्पने चीनवर कर लावले, चीनने जुलैत अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के लावला, आणि सगळी धंद्याची बोटं ब्राझीलच्या सांतोस बंदराकडे. त्या उन्हाळ्यात इलिनॉयचे शेतकरी फोनवर काय बोलत होते ते इथे लिहिता येणार नाही.

खवट
म्हणजे ब्राझीलचा सर्वांत थोर कृषिनेता निक्सन. पुतळा कुठे उभारायचा?

पुणे_व्हाया_कुयाबा
शिकागोकर, "बोटं" की "बोटी"?

शिकागोकर
बोटी. सतरा वर्षांचा परिणाम. :)

काळी_माती
कांद्याची निर्यातबंदी आठवली. आपलं सरकार पण दर दोन वर्षाला कुणाला तरी दुकान थाटून देतंय की मग.

पर्णकुटी
गुणगान ऐकून झालं असेल तर दुसरी बाजू मांडते.

पाओलिनेली मंत्री होता तो काळ लष्करी हुकूमशाहीचा, १९६४ ते १९८५. "ओसाड माळ" हा शब्द सरकारी. तिथे माणसं राहत होती. मातो ग्रोसोत मराइवात्सेदे नावाची शावांते आदिवासींची भूमी आहे. १९६६ मध्ये त्यांना वायुदलाच्या विमानांत भरून दूरच्या मिशनवर नेऊन सोडलं. तिथे गोवराची साथ आली, पुष्कळ माणसं दगावली. जमिनीवर गुरांचं प्रचंड रान झालं. ती परत ताब्यात यायला २०१२ नंतरचा काळ उजाडला.

आणि ती वाकडी झाडं दिसायला किडकी, पण मुळं खोल. ब्राझीलच्या मोठमोठ्या नद्यांचे उगम त्याच पठारावर आहेत. ॲमेझॉनसाठी जग गळा काढतं, सेर्राडोचा अर्धा भाग गेला तरी कुणाला नाव माहीत नव्हतं. नेते मोजायचे तर मारिना सिल्वा मोजा. आक्रे राज्यातल्या रबर गोळा करणाऱ्या कुटुंबातली मुलगी, सोळाव्या वर्षापर्यंत अक्षरओळख नाही. २००३ मध्ये पर्यावरणमंत्री झाली. २००८ मध्ये सरकार ऐकेना म्हणून खुर्ची सोडली, २०२३ ला परत त्याच खुर्चीवर.

पुणे_व्हाया_कुयाबा
ताई, मुद्दा रास्त. मी गाडीने जायचो तेव्हा दोन्ही बाजूंना तासन्‌तास एकही झाड नसायचं. पहिल्या वर्षी मला ते भव्य वाटलं. तिसऱ्या वर्षी नाही वाटलं.

पण एक पात्र तुमच्या-माझ्या दोघांच्या यादीत बसेल: ब्लायरो मॅगी. सोयाबीनचा राजा. स्वतःची धान्य कंपनी आणि २००३ पासून राज्याचा गव्हर्नर. म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणा. २००५ ला ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेने त्याला "सोनेरी करवत" हा उपहासाचा पुरस्कार दिला. पुढच्याच वर्षी, जुलै २००६ मध्ये, ॲमेझॉनात नव्याने जंगल तोडलेल्या जमिनीवरचं सोयाबीन घ्यायचं नाही असं मोठ्या व्यापाऱ्यांनी ठरवलं आणि याची कंपनीही त्यात आली. पश्चात्ताप झाला म्हणून नव्हे, युरोपातली गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली म्हणून. पुढे २०१६ ला तो केंद्रात कृषिमंत्री.

पर्णकुटी
आणि तो करार फक्त ॲमेझॉनपुरता होता. सेर्राडो त्यात नव्हता. म्हणजे कुऱ्हाड थांबली नाही, शेजारच्या वावरात गेली.

गूळपोळी (कोल्हापूर)
सोयाबीनवाल्यांनी सगळी जागा अडवली. उसाला वाटा द्या थोडा.

आमच्या सौद्यावरही ब्राझीलच बसलाय. १९७५ ला त्यांनी प्रोआल्कूल काढलं. तेलाचे भाव चढले होते, साखर पडली होती, तर उसाचं इथेनॉल करून गाड्यांत घाला. आज त्यांचे कारखाने सकाळी भाव बघून ठरवतात, आज रस साखरेकडे की इथेनॉलकडे. ते साखरेकडे वळले की आमचा चेअरमन आजारी पडतो.

वरून २०१९ ला ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी जागतिक व्यापार संघटनेत आपल्याविरुद्ध तक्रार टाकली, तुमची एफआरपी (उसाचा सरकारने ठरवलेला किमान भाव) आणि निर्यात अनुदान नियमाबाहेर म्हणून. डिसेंबर २०२१ ला निकाल आपल्याविरुद्ध. आपण अपील केलं. गंमत अशी, की २०१९ पासून अपिलाच्या पीठावर पुरेसे न्यायाधीशच नाहीत, अमेरिका नेमणुका होऊ देत नाही. म्हणजे खटला टांगणीला आणि कारखाने चालू. आमच्या दिवाणी कोर्टासारखंच, ओळखीचं वाटलं.

शिकागोकर
याच ब्राझीलने त्याच संघटनेत अमेरिकेला कापसावरून लोळवलं होतं, ते विदर्भातल्या मंडळींनी ऐकावं. २००२ ला तक्रार. मागे लागलेला माणूस पेद्रो दे कामार्गो नेतो, स्वतः शेतीवाला आणि तेव्हा कृषी खात्यात सचिव. अमेरिका आपल्या कापूसवाल्यांना अनुदान देऊन जगाचा भाव पाडते, हे त्यांनी आकडे मांडून सिद्ध केलं. २००९ ला ८२.९ कोटी डॉलरच्या प्रतिकारवाईची परवानगी मिळाली.

अमेरिकेने काय करावं? आपलं अनुदान बंद करायचं सोडून ब्राझीलच्या कापूसवाल्यांना वर्षाला १४.७३ कोटी डॉलर द्यायला तयार झाली. २०१४ ला शेवटचे ३० कोटी देऊन मिटवलं. आपल्याच अनुदानाची भरपाई दुसऱ्या देशाच्या शेतकऱ्याला! यवतमाळच्या शेतकऱ्यालाही तोच पडलेला भाव सोसावा लागला, त्याच्या हातात दमडी आली नाही.

खवट
दमडी मागायला कोर्टात जावं लागतं. आपण मोर्चात जातो.

मास्तर_नागपूर
उशिरा आलो. सगळे ब्राझीलमध्ये रमलेत, पण वर्ध्याचा एक माणूस मेक्सिकोत कृषिनेता होता, हे एकाही शहाण्याला आठवू नये?

पांडुरंग सदाशिव खानखोजे. जन्म १८८४, वर्धा. टिळकांच्या वाऱ्याने भारलेले, पुढे अमेरिकेत गदर या ब्रिटिशविरोधी क्रांतिकारी संघटनेतले. तिथेच वॉशिंग्टन राज्यात शेतीशास्त्र शिकले. ब्रिटिश पाठीशी, मायदेशाची दारं बंद, म्हणून १९२४ मध्ये मेक्सिकोत पोहोचले. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवायला लागले, मक्याच्या आणि गव्हाच्या वाणांवर काम केलं आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा काढल्या. दिएगो रिवेरा या चित्रकाराने मेक्सिको सिटीत शिक्षण खात्याच्या भिंतीवर चित्र काढलं आहे, "आमची भाकर". त्यात मेजाच्या मध्यभागी बसून भाकर मोडून देणारा माणूस आहे ना, ते खानखोजे. स्वातंत्र्यानंतर परतले. १९६७ मध्ये आमच्या नागपुरातच गेले. २०२२ ला चापिंगोत त्यांचा पुतळा बसला, लोकसभेच्या अध्यक्षांच्या हस्ते. नागपुरात मी पन्नास जणांना विचारलं असेल. दोघांना नाव माहीत होतं. त्यातला एक मीच शिकवलेला.

नवा_सभासद_७
पण मेक्सिकोचा गहू म्हणजे हरितक्रांतीवाले शास्त्रज्ञ बोरलॉग ना?

मास्तर_नागपूर
बोरलॉग १९४४ ला आले, खानखोजेंनंतर वीस वर्षांनी. त्यांचं काम मोठंच. सोनोरातल्या गव्हाचं १८,००० टन बी आपण १९६६ ला मागवलं, ते तिथलंच. मी तुलना करत नाही. फक्त रांगेत आधी कोण उभं होतं ते सांगतो.

गूळपोळी
मास्तर, अंगावर काटा आला. पाठ्यपुस्तकात का नाही हे?

मास्तर_नागपूर
पाठ्यपुस्तक समितीला विचारा. मी विचारलं होतं. पोच आली.

फुकट_सल्ला
नेत्यांचा विषय आहे तर माझ्याकडून कोस्टा रिकाचे होसे फिगेरेस. हे गृहस्थ डोंगरात शेती करायचे, घायपातासारख्या झाडाच्या वाखापासून दोर आणि पोती बनवायचे. मळ्याचं नाव "न संपणारा लढा". १९४८ ला यादवी जिंकली आणि १ डिसेंबरला किल्ल्याची भिंत हातोड्याने फोडून सैन्यच बरखास्त केलं! पैसा शाळा-दवाखान्यांकडे. किल्ल्याचं आता संग्रहालय आहे. यावेळी विनोद नाही, खरं आहे.

खवट
सैन्याविना पंचाहत्तर वर्षं काढली. आमच्या सोसायटीला वॉचमनशिवाय एक रात्र जात नाही.

शिकागोकर
काळी_माती, तुमच्या "सही कुणाची" या प्रश्नाचं सर्वांत नाट्यमय उत्तर अर्जेंटिनात आहे. आपल्या सोयातेलाचा मोठा पुरवठादार तोच.

मार्च २००८. सोयाबीनवरचा निर्यातकर ३५ टक्के होता. क्रिस्तिना किर्शनेर यांच्या सरकारने ठरवलं, जगातला भाव चढेल तसा करही चढेल. शेतकऱ्यांनी चार महिने हमरस्ते अडवले. अर्थमंत्र्याने एप्रिलमध्येच राजीनामा दिला. शेवटी सिनेटमध्ये मतदान. १७ जुलैची पहाट, ३६ विरुद्ध ३६. निर्णायक मत उपराष्ट्राध्यक्ष हूलिओ कोबोस यांचं, म्हणजे सरकारच्याच माणसाचं. चेहरा पडलेला, शब्द फुटेना, आणि मग म्हणाले, "माझं मत होकारार्थी नाही." थेट "नाही" म्हणायलाही जीभ रेटली नाही. कायदा पडला. जुना ३५ टक्के मात्र राहिलाच.

काळी_माती
लगीन लागताना नवरदेवाच्या मामानंच नारळ फेकून मारल्यासारखं झालं की हो.

इथं २०२५-२६ चा नवा हमीभाव ५,३२८ जाहीर झालाय. कागदावर. पेरणी जवळ आली. आजोबा, चुना राहू द्या, त्या बाईचे जिवाणू तरी माझ्या रानात चालतील का?

आजोबा_दापोली
चालतील. सोयाबीनचेच रायझोबियम मागा, हरभऱ्याचे चालत नाही. पाकिटावरची तारीख पाहा. गुळाच्या गार पाण्यात कालवून बियाण्याला हलक्या हाताने चोळा, नाहीतर साल निघते. सावलीत सुकवा. बुरशीनाशक लावणार असाल तर ते आधी, जिवाणू सर्वांत शेवटी. चार तासे विनाप्रक्रिया ठेवा, तुलनेला. मात्र चमत्काराची अपेक्षा नको. तुमच्या रानात वर्षानुवर्षे सोयाबीन आहे, तेव्हा थोडे जिवाणू मातीत असणारच.

खवट
धागा शेतीशाळा झाला. चालू द्या.

काळी_माती (अडीच महिन्यांनी)
धागा वर काढतोय, माफी असावी. मधी पावसानं आणि फवारणीनं जीव खाल्ला.

पेरणी बाईंच्या पद्धतीनं केली. चार तासं कोरी ठेवली. युरियाला हात लावला नाही, बायको तीनदा म्हणाली तरी. पंचेचाळिसाव्या दिवशी खुरप्यानं झाडं उपटली, मुळं बादलीत हलक्यानं धुतली. प्रक्रिया केलेल्याला एकाला एकतीस गाठी, दुसऱ्याला सव्वीस. कोऱ्या तासातल्याला चौदा आणि एकोणीस. म्हणजे आजोबा म्हणाले तसंच, फरक हाय पण जमीन-अस्मानाचा न्हाई. गाठ नखानं फोडली तर आतून गुलाबी. पोरगं म्हणालं, पप्पा, झाडाला रक्त असतंय का?

माझ्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर मला त्या बादलीत घावलं, मत आजोबांच्या डोबेराइनर बाईंना. बाकीच्यांचं तुम्ही भांडून ठरवा. खानखोजेंचं चित्र पोराच्या शाळेत नेऊन दिलंय, सर म्हणाले बघू.

गाठीचा फोटो आडत्याला पाठवला. त्यानं अंगठा दाखवला आणि खाली लिहिलं, "यंदा अमेरिकेत पीक चांगलंय म्हणायलेत."